ग्रंथ, वाचक आणि मधला माणूस

ज्ञानेश्वरीच्या प्रचलित पोथीच्या अखेरीस एक लहानशी नोंद आहे. शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरांनी ही टीका केली, हे सांगून ती ओवी तेथेच थांबत नाही. सच्चिदानंदबाबांनी आदरपूर्वक लेखकाचे काम केले, हेही ती सांगते. येथे लेखक म्हणजे लिहून घेणारा. ज्या ग्रंथाने मराठी भाषेला तत्त्वविचाराचे सामर्थ्य दिले, त्या ग्रंथाच्या शेवटी कर्त्याच्या शेजारी तो उतरवून घेणाऱ्याचेही नाव यावे, ही गोष्ट किरकोळ नव्हे. नेवासे येथील ज्या पैस खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली गेली असे परंपरा मानते, त्या खांबाचे दर्शन आजही हजारो भाविक घेतात. लिहून घेणाऱ्याची आठवण मात्र त्यांतील फार थोड्यांना होत असेल.

ज्या जिल्ह्यात हे नेवासे आहे, तो अहमदनगर जिल्हा २०२४ पासून अहिल्यानगर या नावाने ओळखला जातो. दुष्काळ, ऊस, सहकार आणि राजकारण या चार शब्दांत या जिल्ह्याचे वर्णन करण्याची एक सवय महाराष्ट्राला जडली आहे. ती सवय सोडून पाहिले तर असे दिसते की, मराठी वाङ्मयाच्या इतिहासातील कितीतरी महत्त्वाच्या घटना याच भूमीवर घडल्या. परंतु त्या घटनांचा केवळ गौरव करून थांबण्यात अर्थ नाही. त्यांच्याकडे लक्षपूर्वक पाहिले असता एक सूत्र हाती लागते आणि ते आजच्या एका उपेक्षित प्रश्नापर्यंत येऊन पोहोचते. ग्रंथ आणि वाचक यांच्यामध्ये नेहमीच कोणीतरी तिसरा माणूस उभा असतो. तो असेल तर ग्रंथ जगतो, नसेल तर कपाटात राहतो, हे ते सूत्र होय.

पोथी वाचणारा आणि ऐकणारे

राहुरी तालुक्यातील ताहराबाद हे गाव महिपतींचे. १७१५ ते १७९० हा त्यांचा जीवनकाळ. ते गावचे कुलकर्णी होते, म्हणजे आजच्या भाषेत कारकुनी हाच त्यांचा वृत्तीचा व्यवसाय होता. देवपूजेत असताना सरकारी कामासाठी झालेल्या तगाद्याने व्यथित होऊन, ते काम उरकून आल्यावर त्यांनी लेखणी खाली ठेवली आणि यापुढे ती संतांच्या चरित्रांखेरीज अन्य कामासाठी उचलायची नाही असा निश्चय केला, अशी कथा परंपरेने सांगितली जाते. कथेतील तपशील कसाही असो, १७६२ मध्ये पूर्ण झालेला 'भक्तविजय' आणि त्यानंतरचा 'भक्तलीलामृत' हे त्यांचे ग्रंथ महाराष्ट्राच्या खेडोपाडी पोहोचले, याविषयी दुमत नाही.

ते पोहोचले कसे, हा खरा प्रश्न आहे. त्या काळी छापखाना नव्हता, शाळा विरळ होत्या आणि ऐकणाऱ्यांतील बहुसंख्य लोकांना अक्षरओळख नव्हती. तरीही चातुर्मासात कोणाच्या तरी ओसरीवर किंवा देवळाच्या सभामंडपात पोथी लावली जात असे. एकाने ओवी वाचावी, तिचा अर्थ आपल्या भाषेत उलगडून सांगावा आणि शेजारच्या शेतकऱ्याने, सुताराने, परटिणीने ती मनात साठवावी, असा हा क्रम होता. एका प्रतीचे शंभर वाचक होत, कारण ती प्रत वाचून दाखविणारा एक माणूस गावात होता. महाराष्ट्रातील सार्वजनिक वाचनाचे हे मूळ रूप म्हटले पाहिजे. त्यात दोषही होते. पोथी कोणी वाचावी, कोणी जवळ बसावे आणि कोणी दूरवरून ऐकावे, हे जातीने ठरविलेले होते. ज्ञानाचे दार उघडे होते. परंतु उंबऱ्यावर पहारा होता.

उंबरा ओलांडताना

एकोणिसाव्या शतकात हा पहारा सैल होऊ लागला आणि त्यातही नगरचा वाटा आहे. अमेरिकन मराठी मिशनचे काम येथे १८३१ च्या सुमारास सुरू झाले. मिशनच्या सिंथिया फरार यांनी येथे चालविलेली मुलींची शाळा पाहून जोतीराव फुले प्रभावित झाले आणि सावित्रीबाईंनी शिक्षिकेचे शिक्षण घेतले ते याच बाईंच्या हाताखाली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. 'ज्ञानोदय' हे नियतकालिक १८४२ मध्ये नगरहूनच सुरू झाले. त्याआधी, १८३८ मध्ये, नगरच्या वाचनालयाची स्थापना झाली होती. आज अहमदनगर जिल्हा वाचनालय म्हणून ओळखली जाणारी ही संस्था महाराष्ट्रातील सर्वांत जुन्या सार्वजनिक वाचनालयांपैकी एक आहे. बाळशास्त्री जांभेकरांच्या 'दर्पण'ला तेव्हा अवघी सहा वर्षे झाली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या घटनेचे मोल कळते. मराठीत छापील वाङ्मय मूठभर असताना ते सर्वांनी मिळून वाचावे, असे या गावातील काही लोकांना वाटले.

याच नगरात पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळक राहिले. त्यांच्या घरी काही काळ बालकवी ठोमरे येऊन राहिले होते. पण त्या घरातील खरी आश्चर्यकारक घटना निराळीच आहे. लक्ष्मीबाई टिळकांना बालपणी शाळा मिळाली नव्हती. अक्षरांशी त्यांची ओळख झाली ती विवाहानंतर, पतीच्या खटपटीने. त्याच लक्ष्मीबाईंनी उतारवयात लिहिलेली 'स्मृतिचित्रे' १९३४ ते १९३७ या काळात प्रसिद्ध झाली आणि मराठी आत्मचरित्रात तिचे स्थान आजही अढळ आहे. एखाद्या विद्यापीठाची पदवी त्या ग्रंथामागे नाही. आहे ते एका घरातले वातावरण, जेथे कविता मोठ्याने वाचल्या जात, माणसे येत-जात आणि पुस्तक ही चैनीची वस्तू मानली जात नसे. प्रतिभा जन्मजात असेल. तिच्यासमोर पहिले अक्षर गिरवून ठेवणारा मात्र कोणीतरी असावा लागतो.

दया पवार यांचे उदाहरण याहून कठोर आहे. अकोले तालुक्यातील धामणगावात त्यांचा जन्म झाला. गावकुसाबाहेरचे जीवन, संगमनेरचे शिक्षण आणि मुंबईची वस्ती यांतून घडलेले 'बलुतं' १९७८ मध्ये 'ग्रंथाली'ने प्रसिद्ध केले आणि मराठी मध्यमवर्गीय वाचकाची झोप मोडली. ज्यांच्या पूर्वजांना पोथीजवळ बसण्याचीही मुभा नव्हती, त्यांतील एकाने स्वतःचाच ग्रंथ लिहिला. ग्रंथालीने स्वतःस प्रकाशनसंस्था न म्हणविता वाचक चळवळ म्हणविले, हेही येथे लक्षात घेतले पाहिजे. वाचकांना सभासद करून घ्यावे, किंमत आवाक्यात ठेवावी आणि पुस्तके गावोगावी घेऊन जावीत, ही तिची पद्धत होती. 'बलुतं'चे यश लेखकाचे होते हे निर्विवाद. पण ते पुस्तक खेड्यातल्या शिक्षकाच्या आणि कचेरीतल्या कारकुनाच्या हाती पडले, ते मधल्या माणसांमुळे.

किल्ल्यातील वाचनगृह

नगरच्या भुईकोट किल्ल्याची कथा सर्वश्रुत आहे, पण तिचा एक पैलू दुर्लक्षित राहतो. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीचे सदस्य येथे आणून ठेवले गेले आणि मार्च १९४५ पर्यंत त्यांतील बहुतेक येथेच होते. जवाहरलाल नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिले ते १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत, याच भिंतींच्या आत. मौलाना आझादांनी येथे जी पत्रे लिहिली, ती टपालात पडू शकत नव्हती. पुढे तीच 'गुबार-ए-खातिर' या नावाने उर्दू गद्याचे लेणे ठरली. त्यांच्या पत्नीचे निधन झाले तेही ते येथे बंदिवासात असतानाच, १९४३ मध्ये. पट्टाभि सीतारामय्या, आचार्य नरेंद्र देव, हरेकृष्ण महताब यांनीही या काळात लेखन आणि अभ्यास केला.

नेहरूंनी आपला ग्रंथ या सहबंदींना अर्पण केला आणि त्यांच्याशी झालेल्या चर्चांचे ऋण मोकळेपणाने मान्य केले. त्यांतील काहींनी हस्तलिखित वाचून सूचना केल्या, हेही त्यांनी नमूद केले आहे. संस्कृत, फारसी, पाली, इतिहास, अर्थशास्त्र अशा नाना विषयांचे जाणकार एकाच अंगणात फेऱ्या मारीत होते. तुरुंगाने त्यांचे स्वातंत्र्य हिरावले, पण पुस्तके आणि पुस्तकांविषयी बोलणारी माणसे त्यांच्याजवळ राहिली. ग्रंथ एकांतात लिहिला जातो हे खरे. तो पिकतो मात्र वाचणाऱ्यांच्या संगतीत. आज हा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे आणि नेहरूंची खोली पाहून येणारा विद्यार्थी बहुधा टेबल आणि छायाचित्रे पाहून परततो. तेथे जे चालले होते ते मूलतः एक वाचनगृह होते, ही गोष्ट त्याला कोणी सांगत नाही.

कायदा आला, माणूस राहिला

स्वातंत्र्योत्तर महाराष्ट्राने या परंपरेला कायद्याचे रूप दिले. १९४० मधील फैजी समितीच्या अहवालाने प्रांतापासून खेड्यापर्यंत ग्रंथालयांची साखळी सुचविली होती. कोल्हापूर संस्थानाने तर १९४५ मध्येच ग्रंथालय कायदा केला होता. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ मध्ये संमत झाला. लोकांनी ग्रंथालय स्थापावे, शासनाने त्याला मान्यता द्यावी, अ, ब, क, ड असा दर्जा ठरवावा आणि त्यानुसार अनुदान द्यावे, अशी ही व्यवस्था आहे. या कायद्याचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. त्याच्यामुळे महाराष्ट्रात हजारो ग्रंथालये उभी राहिली, आणि ती सरकारी खात्याची नव्हे तर गावाची मालमत्ता म्हणून उभी राहिली. लोकांच्या पुढाकारावर एवढा विश्वास टाकणारे कायदे आपल्याकडे फार नाहीत.

परंतु या व्यवस्थेत एक मूलभूत उणीव राहून गेली. १९४८ च्या मद्रास कायद्याने आणि १९६५ च्या कर्नाटक कायद्याने ग्रंथालयासाठी स्वतंत्र उपकर बसविला. केरळनेही १९८९ मध्ये तोच मार्ग पत्करला. महाराष्ट्राने उपकर टाळला. परिणामी ग्रंथालयांचा निधी प्रतिवर्षी अंदाजपत्रकाच्या मर्जीवर राहिला आणि अनुदानात वाढ व्हावी म्हणून दर काही वर्षांनी मोर्चे, निवेदने व आश्वासने यांचे चक्र सुरू झाले. २०१२ मध्ये राज्यभर ग्रंथालयांची पडताळणी झाली. काही ग्रंथालये केवळ कागदावर असल्याचे तीत आढळले. अशा ग्रंथालयांवर कारवाई होणे योग्यच होते. पण त्यानंतर नव्या मान्यता आणि दर्जावाढ दीर्घकाळ थांबली, आणि दोषी संस्थांच्या पापाचा भार प्रामाणिक संस्थांनी वाहिला.

या सर्वांत अधिक सोसले ते ग्रंथपालाने. गावच्या लहान ग्रंथालयात पुस्तकांची नोंद करणारा, वर्तमानपत्रे लावणारा, वर्गणी गोळा करणारा, झाडलोट करणारा आणि परीक्षेसाठी धडपडणाऱ्या मुलाला हवे ते पुस्तक शोधून देणारा माणूस बहुधा एकच असतो. त्याला मिळते ते अनुदानाच्या वेतनभागातून उरेल तेवढे. व्यंकप्पा पत्की समितीने या सेवकांना वेतनश्रेणी व सेवाशर्ती असाव्यात अशी शिफारस केली. त्या शिफारशींच्या अंमलबजावणीची मागणी करण्यात सेवकांच्या कितीतरी पिढ्या निवृत्त झाल्या. निवृत्तिवेतनाचा तर प्रश्नच नव्हता. शाळेतील शिक्षकास वेतनश्रेणी आहे, कचेरीतील लिपिकास आहे. ज्याच्याकडून शिक्षक आणि लिपिक दोघेही पुस्तक नेतात, त्याला मात्र मानधन. या विसंगतीचे समर्थन कोणत्या तत्त्वाने करता येईल?

दोन आक्षेप

यावर पहिला आक्षेप असा घेतला जातो की, आता कोणी वाचतच नाही. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर सारे जग उपलब्ध असताना ग्रंथालयावर खर्च करणे म्हणजे कोरड्या विहिरीवर मोट चालविणे होय. आक्षेपात तथ्य नाही असे नाही. कादंबऱ्यांच्या कपाटावर धूळ साचली आहे, हे कोणत्याही तालुक्याच्या गावी दिसते. पण त्याच इमारतीतील अभ्यासिकेत सकाळपासून जागा मिळविण्यासाठी मुले येतात, हेही दिसते. २०११ च्या जनगणनेनुसार या जिल्ह्याची लोकसंख्या ४५ लाखांहून अधिक आणि साक्षरता सुमारे ७९ टक्के होती. साक्षर झालेला प्रत्येक माणूस आपोआप वाचक होत नाही. अक्षर शिकविणे हे शाळेचे काम. वाचनाची गोडी लावणे हे पुस्तक ओळखणाऱ्या माणसाचे काम. पडदा माहिती पुरवितो, परंतु 'हे वाचलेस, आता ते वाच' असे नाव घेऊन सांगणारा शेजारी तो होऊ शकत नाही. महिपतींच्या पोथीला श्रोते मिळाले ते ती स्वस्त होती म्हणून नव्हे. ती उलगडून सांगणारा होता म्हणून.

दुसरा आक्षेप पैशाचा. लोकांवर आणखी एक कर लादणे अन्यायाचे, असे म्हटले जाते. हा आक्षेप निदान या जिल्ह्यात तरी शोभत नाही. १९५० च्या सुमारास प्रवरा परिसरात शेतकऱ्यांनी आपल्या भागभांडवलातून सहकारी साखर कारखाना उभा केला, तेव्हा हेच लोक कर्जाने पिचलेले होते. पुढे उसाच्या बिलातून टनामागे ठरावीक कपात करून शाळा आणि महाविद्यालये उभी राहिली, हा सहकारी क्षेत्राचा सर्वपरिचित अनुभव आहे. शेतकऱ्याने ती कपात सोसली, कारण आपला मुलगा ज्या शाळेत जाणार ती त्याला समोर दिसत होती. तत्त्व उपकराचेच होते; केवळ नाव निराळे होते. मालमत्ता कराच्या रुपयामागे काही पैसे ग्रंथालयासाठी राखून ठेवले आणि ते त्याच गावच्या ग्रंथालयाला मिळतील अशी हमी दिली, तर लोक विरोधच करतील असे मानण्यास आधार नाही.

उत्सव आणि नित्यक्रम

महाराष्ट्राला वाङ्मयीन उत्सवांची आवड आहे. सत्तरावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन १९९७ मध्ये ना. सं. इनामदार यांच्या अध्यक्षतेखाली नगरलाच भरले होते. २०१५ पासून १५ ऑक्टोबर हा दिवस राज्यात वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळला जातो. असे सोहळे व्हावेत; त्यांनी उत्साह येतो. पण उत्साह आणि सवय यांत अंतर आहे. संमेलनाचा मंडप तीन दिवसांनी उतरतो, प्रेरणा दिनाची छायाचित्रे दुसऱ्या दिवशी जुनी होतात. वाचनाची सवय लागते ती रोज ठरलेल्या वेळी उघडणाऱ्या दारामुळे, आणि ते दार उघडणाऱ्याला महिन्याच्या पहिल्या तारखेला पगार मिळावा लागतो.

सारी जबाबदारी शासनावर ढकलून सुशिक्षित समाजालाही मोकळे होता येणार नाही. गावातील शिक्षकांपैकी किती जण ग्रंथालयाचे सभासद आहेत? तालुक्याच्या कचेऱ्यांतील किती कर्मचारी वर्षाला एखादे पुस्तक विकत घेतात? पाठ्यपुस्तकाबाहेरचे पुस्तक वर्गात वाचून दाखविणारा शिक्षक विद्यार्थ्याला आयुष्यभर आठवतो, हे ठाऊक असूनही तासिका अभ्यासक्रमातच संपते. ग्रंथालयाच्या कार्यकारिणीवर निवडून येण्यासाठी चुरस असते. तेथील पुस्तक घरी नेण्यासाठी नसते. मागणीच नसेल तर पुरवठा का वाढवावा, असे उद्या एखाद्या अधिकाऱ्याने विचारल्यास त्याला दोष कसा देणार?

म्हणून करावयाची कामे स्पष्ट आहेत, आणि ती अशक्य कोटीतील नाहीत. ग्रंथालयांच्या निधीला उपकराचा किंवा तत्सम कायम आधार द्यावा. सेवकांना वेतनश्रेणी द्यावी आणि तिच्याबरोबर प्रशिक्षणाची व कामाच्या हिशेबाची अटही घालावी. पडताळणी नियमित व्हावी, पण तिच्या नावाखाली चांगल्या संस्थांची वाढ अडवू नये. प्रत्येक माध्यमिक शाळेने जवळच्या सार्वजनिक ग्रंथालयाशी संबंध जोडावा आणि आठवड्यातील एक तास मुलांना तेथे न्यावे. यांतील शेवटच्या गोष्टीला तर शासननिर्णयाचीही गरज नाही. एका मुख्याध्यापकाचा निश्चय पुरेसा आहे.

या जिल्ह्याने मराठीला ज्ञानेश्वरी दिली, भक्तविजय दिला, स्मृतिचित्रांचे घर दिले, 'बलुतं'चा लेखक दिला. या ग्रंथकर्त्यांची नावे पुसली जाणार नाहीत. आज सायंकाळी एखाद्या खेड्यातील ग्रंथालयाचे कुलूप उघडून दिवा लावणाऱ्या माणसाचे नाव मात्र कोणत्याही ओवीत येणार नाही. सातशेहून अधिक वर्षांपूर्वी नेवाशात लिहून घेणाऱ्याची नोंद ग्रंथाच्याच शेवटी करण्याइतके औदार्य या भूमीत होते. आजच्या ग्रंथपालाची नोंद ओवीत नको. ती राज्याच्या अंदाजपत्रकात झाली, तरी त्या औदार्याचा वारसा शिल्लक आहे असे म्हणता येईल.